सर्ज प्रोटेक्टर म्हणून १३,५०० ला रिकामा डबा गळ्यात मारला

अजून डोकं शांत झालेलं नाही, पण लिहितोच, निदान तुमचे तरी पैसे वाचतील. घरात ॲम्प्लिफायर, सबवूफर, आणि दर मे महिन्यात वळवाच्या विजा, म्हणून सर्ज, म्हणजे लाइनमध्ये अचानक येणारा जादा व्होल्टेजचा झटका, अडवणारा डबा घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, साहेब एमओव्हीवाले, म्हणजे जादा व्होल्टेज स्वतःवर घेणारी छोटी चकती असलेले, घेऊच नका, प्रत्येक झटक्याला ती चकती थोडी थोडी मरते, पूर्ण मेली तरी कळत नाही, हा सिरीज मोडचा आहे, झटका कॉइलमध्येच अडवतो, अर्थिंगवर ढकलत नाही. आता यातलं काही खोटं नव्हतं हो! मी हेच वाचलेलं होतं, म्हणून तर विश्वास बसला. १३,५०० मोजले.

आणि तिथेच, काउंटरवर कळायला हवं होतं. डबा मी एका हाताने उचलला. खरा सिरीज मोड म्हणजे आत तांब्याच्या तारेची मोठी कॉइल, चांगलं किलोकिलोंचं वजन, आणि हा हलका फुल. मी विचारलंही, तर म्हणे नवीन टेक्नॉलॉजी. मागे गिर्‍हाईकं खोळंबलेली, माणूस किती उलटतपासणी करणार? पण ते वजन अजून हाताला आठवतंय.

मेमध्ये वीज कडाडली, डब्याचा हिरवा दिवा चालूच आणि ॲम्प्लिफायर खलास. दुरुस्ती २१,४००, सबवूफरचे ६,७५० वेगळे. डबा रिपेअरवाल्याने माझ्यासमोर उघडला. कॉइल नाहीच, शर्टाच्या बटणाएवढी एक करपलेली एमओव्ही, आणि अर्थची पिन आत कशालाच जोडलेली नाही. हिरवा दिवा नुसता करंट आहे एवढंच सांगत होता.

एमओव्हीवाल्या डब्यावर ज्यूल (किती झटका पचवतो) आणि क्लॅम्पिंग व्होल्टेज (किती व्होल्टला अडवायला लागतो) छापलेलं नसेल तर हात लावू नका. पक्कं बिल घ्या, मी कच्चं घेतलं, आमच्याकडे सगळेच घेतात.

चौकीत म्हणे दिवाणी मामला, इथे नाही. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, तीन आठवड्यांनी मेसेज, 'तक्रार निकाली'. कसली निकाली? दुकानदाराने नैसर्गिक आपत्ती म्हणून लिहून दिलं ते यांनी मान्य केलं, मला एक फोन नाही, फोटो पाठवले ते कुणी उघडलेसुद्धा नसतील! वीज ऑफिसात तीन चकरा मारल्या, साहेब साइटवर, अर्ज आवकमध्ये द्या, आवकवाला जेवायला गेलाय.

स्टॅबिलायझरवर विसंबू नका, त्याचा रिले, म्हणजे आतला स्विच, हलेपर्यंत झटका येऊन गेलेला असतो. न्यूट्रलची तार तुटून ४०० व्होल्ट आले तर चांगली एमओव्हीसुद्धा जळते, तिथे लाइन तोडणारा व्होल्टेज कटऑफच लागतो. केबल टीव्हीच्या वायरीतूनही सर्ज घुसतो, विजा कडाडायला लागल्या की तीही काढा.

एकूण ४१,६५० गेले. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. यूपीआयची नोंद आणि उघडलेला डबा जपून ठेवलाय, सोमवारी तक्रार दाखल करतोय.