एसीचा रिले तपासायचा कसा: अदलाबदल, मल्टिमीटर की जंपर?

एसी लावलाय, पंखा जोरात फिरतोय, हवा मात्र गार नाही. बॉनेट उघडून पाहिलं तर कॉम्प्रेसरची पुली फिरतेय, पण तिच्या पुढची क्लचची चकती स्थिर. रिलेवर, म्हणजे छोट्या प्रवाहाच्या हुकमावर या क्लचची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचवर, संशय घ्यायला एवढं पुरेसं आहे. तो तपासायच्या रूढ पद्धती तीन: तसाच दुसरा रिले लावून बघणे, रिले काढून मल्टिमीटरने मोजणे, किंवा सॉकेटमध्ये वायर घालून क्लचला थेट वीज देणे. माझा कौल आधीच सांगतो. सुरुवात अदलाबदलीने करा. तिने भागलं नाही, तर रिलेचा नाद सोडून त्याचं सॉकेट मोजा.

रिले बहुधा बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये असतो आणि झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा छापलेला असतो. नाव ‘ए/सी’ किंवा ‘कॉम्प्रेसर’ असं काहीतरी असतं; टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत ते ‘एमजी सीएलटी’, म्हणजे मॅग्नेटिक क्लच, असं लिहिलेलं सापडतं. ब्लोअरचा रिले वेगळा. डॅशबोर्डमधला पंखाच फिरत नसेल तर तो बघायचा, हा नाही. खात्री करायला इंजिन चालू ठेवून रिलेवर बोट ठेवा आणि दुसऱ्या कुणाला एसीचं बटण चालू-बंद करायला सांगा. बोटाखाली ‘टिक’ जाणवली तर रिलेच्या कॉइलपर्यंत (वीज मिळाली की आतले संपर्क ओढणारं तारेचं वेटोळं) हुकूम पोचतोय एवढं कळलं. आतले संपर्क वीज पुढे नेतात की नाही, हे त्या आवाजावरून कळत नाही.

अदलाबदलीला हत्यार लागत नाही आणि रिलेची परीक्षा खऱ्या भाराखाली होते, म्हणून ती मला सर्वांत आवडते. त्याच बॉक्समध्ये हॉर्नचा रिले अनेकदा हुबेहूब तोच असतो. तो एसीच्या जागी बसवला आणि क्लच ओढला गेला, तर निकाल लागला. उलट बाजूनेही ताडून घ्या: संशयित रिले हॉर्नच्या जागी लावल्यावर हॉर्न वाजला नाही, तर शंकेला जागाच उरत नाही. फक्त दिसायला सारखा म्हणून कुठलाही रिले उचलू नका. एकाच आकाराच्या रिलेंमध्ये ३० (इथे बॅटरीची वीज येते) आणि ८६ (कॉइलचं एक टोक) या क्रमांकांच्या पिनांच्या जागा उलटसुलट असू शकतात, काहींच्या आत डायोडही (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो. अंगावरचा पार्ट नंबर आणि छापलेली आकृती दोन्ही जुळली पाहिजेत. काही गाड्यांत रिले बोर्डावरच झाळलेला असतो. तिथे ही वाट बंद.

मल्टिमीटरची पद्धत शास्त्रशुद्ध वाटते, पण तिचा निर्वाळा अर्धवट असतो. ८५ आणि ८६ मध्ये कॉइल असते; तिचा रोध साधारण ५० ते १२० ओहम भरतो. मीटरने अनंत दाखवलं तर कॉइल तुटली, रिले बाद. मग कॉइलला १२ व्होल्ट देऊन ३० आणि ८७ (क्लचकडे जाणारी पिन) मध्ये जोडणी होते का ते बघायचं (आत डायोड असेल तर धन-ऋण उलटं लावू नका, तो जळेल). गोम पुढेच आहे. मीटर तपासणीसाठी काही मिलीअँपिअरच सोडतो, तर क्लच तीन-चार अँपिअर ओढतो. संपर्क जळून काळे पडलेले असले तरी मीटरपुढे ते पास होऊ शकतात. म्हणून मीटरने नापास केलेला रिले नापासच समजा. पास केलेल्यावर मात्र लगेच विश्वास नको.

मीटरचा खरा उपयोग सॉकेटमध्ये आहे. रिले काढा, इंजिन आणि एसी चालू ठेवा. ३० च्या घरात (ती पिन बसते त्या खाचेत) बॅटरीचा व्होल्टेज मिळाला पाहिजे; नसेल तर फ्यूज बघा. ८५ आणि ८६ पैकी एकीकडे १२ व्होल्ट आणि दुसरीकडे अर्थ (बॅटरीच्या ऋण टोकाशी जोड) हवा, आणि तो अर्थ बहुतेक गाड्यांत ईसीयू (इंजिनचा संगणक) देतो. तो येत नसेल तर नवा रिले आणून काहीच होणार नाही. गॅस कमी असल्यामुळे प्रेशर स्विचने अडवलं असेल किंवा इंजिन तापल्यामुळे ईसीयूने एसी रोखला असेल. ३० वर बल्बचा टेस्ट लॅम्प चालतो, किंबहुना तो बरा, कारण थोडा भार टाकतो. ईसीयूकडून येणाऱ्या पिनेवर मात्र मीटरच वापरा.

राहिला जंपर. ३० आणि ८७ च्या घरांत १० अँपिअरचा फ्यूज असलेली वायर घातली की क्लच ओढला जायला हवा. नाही गेला तर दोष पुढच्या वायरीत, क्लचच्या कॉइलमध्ये किंवा तिच्या अर्थमध्ये. उत्तर झटपट मिळतं, पण प्रेशर स्विचचा पहारा उठतो. गॅस नसेल तर कॉम्प्रेसरमध्ये तेल नीट फिरत नाही, म्हणून दोन-तीन सेकंदांपुढे जाऊ नका. घरं ओळखता येत नसतील तर या वाटेला जाऊच नका. चुकीची जोडी थेट शॉर्ट होऊ शकते.

तक्रार उलटी असेल, म्हणजे एसी बंद करूनही क्लच सुटत नसेल, तर यातलं काही लागत नाही. रिले उपसून बघा. क्लच सुटला तर संपर्क चिकटलेले असण्याची शक्यता मोठी. दुसरा रिले लावूनही तसंच झालं, तर कुणीतरी हुकूम देतच राहिलंय.

क्लचच नसलेले, आतल्या व्हॉल्व्हने क्षमता बदलणारे कॉम्प्रेसर आता पुष्कळ गाड्यांत आहेत. तिथे क्लचचा रिले शोधण्यात वेळ घालवू नका. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या नारिंगी केबलमध्ये उच्च दाबाची वीज असते, तिथे मीटरही घेऊन जाऊ नका.