पकडलेले सोडायचे आहे का? प्रकल्पासाठी चुंबक निवडताना

विज्ञान प्रदर्शनासाठी चुंबकाचा प्रकल्प करायचे ठरले की बहुतेक मुले दुकानातला सर्वांत जोरकस चुंबक शोधू लागतात. खरे तर त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: पकडलेली वस्तू या चुंबकाने सोडायचीही आहे का?

लोखंडासारख्या पदार्थात असंख्य अणूंचे गट असतात आणि त्यांतला प्रत्येक गट स्वतःच एक चिमुकला चुंबक असतो. कठीण पोलाद, अल्निको (लोखंडात ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळून केलेला मिश्रधातू) किंवा फेराइट (लोखंडाच्या ऑक्साइडपासून केलेला चिनीमातीसारखा पदार्थ) यांतले हे गट एकदा एका दिशेला वळवले की तसेच राहतात, म्हणून तो कायमचा चुंबक. मृदू लोखंडातले गट मात्र सहज रांगेत येतात आणि बाहेरचे चुंबकीय क्षेत्र दूर होताच, शाळा सुटल्यावर रांग मोडावी तसे, बहुतेक सगळे विस्कटतात. हा झाला तात्पुरता चुंबक.

होकायंत्र किंवा फ्रिजच्या दाराची पट्टी यांना सुटण्याची गरज नसते. तेथे कायमचा चुंबकच हवा, कारण त्याला वीज लागत नाही. फक्त त्याला आपटू नये, तापवू नये. निओडिमियम या धातूपासून केलेला, छोटा पण फार जोरकस असा नेहमीचा निओडिमियम चुंबक साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पुढे दुबळा होऊ लागतो. असे छोटे चुंबक लहान भावंडांच्या हाती देऊ नका. दोन गिळले गेले तर ते पोटात एकमेकांना चिकटून आतड्याला गंभीर इजा करतात.

भंगारातले लोखंड उचलणाऱ्या क्रेनला मात्र ते हवे तेथे टाकताही यावे लागते. इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जन यांनी १८२५ मध्ये दाखवलेल्या विद्युतचुंबकात सुमारे २०० ग्रॅमचे लोखंड, भोवतालच्या तारेतून वीज वाहताच, सुमारे ४ किलो वजन उचलत असे. वीज थांबली की वजन खाली.

प्रदर्शनासाठी मी हाच निवडेन, कारण त्यात बदलून पाहण्यासारखे पुष्कळ आहे. खिळ्यावर वीजरोधक मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेचे ५० वेढे घ्या, टोकांवरचा मुलामा खरवडा आणि दीड व्होल्टचा सेल काही सेकंदच जोडा, कारण तार तापते. घरातल्या विजेच्या बोर्डाला ती कधीही लावायची नाही. मग वेढे वाढवत किती टाचण्या चिकटतात ते मोजा. सेल काढल्यावरही एखादी टाचणी चिकटून राहिली तर गोंधळू नका: बाजारातला खिळा शुद्ध मृदू लोखंडाचा नसतो, त्यामुळे त्यात थोडे चुंबकत्व उरते.