लीज-पर्चेसवरचा ट्रक : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव आणि हिशेब

वाहतूक कंपनीकडूनच ट्रक लीजवर घ्यायचा, त्याच कंपनीचा माल वाहायचा, ठरलेल्या मुदतीपर्यंत दर आठवड्याला हप्ता भरायचा आणि शेवटी ट्रक आपल्या नावावर करून घ्यायचा, अशी अमेरिकेतील ‘लीज-पर्चेस’ योजना मी वर्षाहून थोडा अधिक काळ वापरत आहे. ट्रक तीन वर्षे जुना, स्लीपर केबिनचा असून चालवायला उत्तम आहे आणि त्याच्याविषयी माझी मोठी तक्रार नाही. परीक्षण करायचे आहे ते कराराचे. या करारात धंद्याची जवळजवळ सगळी जोखीम चालकाच्या अंगावर येते, पण ती जोखीम आटोक्यात ठेवायला जे निर्णय हाती असावे लागतात ते कंपनीकडेच राहतात, असे माझे मत झाले आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण बरोबरच्या चालकांनी दाखवलेले इतर कंपन्यांचे करारही साधारण याच साच्याचे आहेत.

सुरुवातीला एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. आपण एक नव्हे, दोन करारांवर सही करतो. पहिल्या करारात कंपनी, किंवा तिचीच एखादी भगिनी कंपनी, आपल्याला ट्रक लीजवर देते. दुसऱ्या करारात आपण तोच ट्रक, चालक म्हणून स्वतःच्या सेवेसह, त्याच कंपनीला लीजवर परत देतो आणि तिच्या परवान्याखाली चालवतो. कायद्याच्या दृष्टीने आपण स्वतंत्र व्यावसायिक ठरतो. प्रत्यक्षात मात्र दुसरा करार संपला की बहुतेक वेळा पहिलाही संपतो, आणि हा ट्रक घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जायची मुभा नसते. दर परवडत नाही म्हणून गिऱ्हाईक बदलणे हे कोणत्याही व्यावसायिकाचे पहिले हत्यार असते आणि नेमके तेच इथे नसते.

आता आकड्यांकडे वळतो. माझ्या करारातले आकडे थोडे पूर्णांकात आणून मांडतो. साप्ताहिक हप्ता ८५० डॉलर, विम्याच्या निरनिराळ्या कपाती मिळून १४० डॉलर, इलेक्ट्रॉनिक लॉग (चालवण्याच्या तासांची नोंद ठेवणारे उपकरण), नंबरप्लेट आणि परमिट यांचे ६० डॉलर. म्हणजे चाक फिरो वा न फिरो, आठवड्याला १,०५० डॉलर ठरलेले जातात. मिळकत प्रतिमैल १.२५ डॉलर आणि डिझेल ३.७५ डॉलर प्रतिगॅलन असताना साधारण ४२ सेंट इंधन अधिभार (डिझेलच्या दरानुसार मिळणारी जादा रक्कम), म्हणजे एकूण १.६७ डॉलर. मात्र हा दर कंपनीने मोजलेल्या मैलांवर मिळतो. कंपनी जवळचा मार्ग धरून मैल मोजते, तर चालकाला ट्रकना मनाई असलेले रस्ते टाळून, पार्किंग शोधत आणि पुढचा माल उचलायला रिकामे जात फिरावे लागते. माझ्या बाबतीत प्रत्यक्ष मैल सुमारे आठ टक्के जास्त भरतात. या जादा मैलांचे डिझेल माझे, टायरची झीज माझी आणि त्यांवर पैसे शून्य.

आठवड्यात २,५०० मैलांचे पैसे मिळाले तर जमा बाजू ४,१७५ डॉलर दिसते आणि कागदावर ती फार मोहक वाटते. खर्चात २,७०० प्रत्यक्ष मैलांचे ६.७५ मैल प्रतिगॅलनने ४०० गॅलन डिझेल, म्हणजे १,५०० डॉलर. देखभाल निधीसाठी प्रत्यक्ष मैलामागे १० सेंटप्रमाणे २७० डॉलर. टोल, वजनकाटा आणि एक्झॉस्टमधील प्रदूषण कमी करणारा डीईएफ हा द्रव यांचे साधारण १०० डॉलर. शिवाय ते ठरलेले १,०५० डॉलर. हातात उरतात १,२५५ डॉलर आणि तेही कर भरण्यापूर्वीचे. तेवढेच मैल पगारी चालक म्हणून ५५ सेंटने चालवले असते, तर १,३७५ डॉलर मिळाले असते, डिझेल कंपनीचे, टायर कंपनीचे आणि सामाजिक सुरक्षेच्या कराचा निम्मा भागही कंपनीनेच भरला असता.

मैल १,६०० वर आले, तर हाती ४२५ डॉलर पडतात. म्हणजे मैल एकतृतीयांशाहून थोडे अधिक घटले, पण हातातली रक्कम दोनतृतीयांशाने घटली. उलट ३,००० मैल झाले, तर सव्वासतराशे डॉलरच्या आसपास मिळतात आणि योजनेची जाहिरात करणारे नेमका हाच आठवडा दाखवतात. सरासरीने पाहिले, तर आठवड्यातले पहिले १,१४० मैल केवळ कपाती फेडण्यात जातात आणि माझी कमाई त्यानंतर सुरू होते. लीज घेऊ पाहणाऱ्याने स्वतःच्या कराराचा हा एक आकडा काढल्याशिवाय सही करू नये. हप्ता किती आहे या प्रश्नापेक्षा तो फेडायला किती मैल लागतात हा प्रश्न कितीतरी महत्त्वाचा आहे.

हे मैल कोण ठरवतो? चालकांना लोड नेमून देणारा डिस्पॅचर ठरवतो, आणि तो कंपनीचा माणूस असतो. लोड नाकारण्याचा अधिकार करारात लिहिलेला असतो, पण एक लोड नाकारल्यावर पुढचा कधी मिळेल याची हमी कुठेच नसते. संघराज्याच्या नियमांनुसार १४ तासांच्या अवधीत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते आणि ८ दिवसांत ७० तासांपेक्षा अधिक काम केल्यावर चालवता येत नाही. गोदामाच्या धक्क्यावर पाच-सहा तास खोळंबा झाला, तर त्या १४ तासांतले ते तास बुडाले. खोळंब्याची भरपाई मिळते, पण पहिले दोन तास फुकट, त्यानंतरची रक्कम तुटपुंजी आणि तीही ब्रोकरने, म्हणजे माल मिळवून देणाऱ्या मध्यस्थाने, मान्य केली तर. हिवाळ्यात वायोमिंगमध्ये लॅरमी ते रॉलिन्स या पट्ट्यात वारा आणि बर्फामुळे आय-८० महामार्ग बंद होणे नेहमीचे आहे. मी तिथे थांबून राहिलो असतानाही हप्त्याचा आठवडा पुढे सरकतच होता. घरी चार दिवस राहिले तरी तेच होते. ज्या आठवड्यात पूर्ण सुट्टी घेतली, त्याच्या हिशेबाच्या कागदावर तळाशी उणे चिन्हासह रक्कम छापून आली आणि ती पुढच्या आठवड्याच्या मिळकतीतून प्रथम वळती झाली. चालक थकलेला असतानाही रस्त्यावर का उतरतो, याचे उत्तर मला त्या उणे चिन्हात दिसते. हा प्रश्न केवळ पैशाचा नाही, रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या सुरक्षिततेचा आहे, म्हणून तो मला फार गंभीर वाटतो.

देखभालीबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण इथेच बहुतेकांचा हिशेब कोलमडतो. २०१० च्या उत्सर्जन मानकांनंतरच्या डिझेल ट्रकमध्ये काजळी पकडणारा फिल्टर, डीईएफची फवारणी आणि नायट्रोजन ऑक्साइड मोजणारे सेन्सर असतात. इंजिन स्वतः दहा लाख मैलांपर्यंत साथ देऊ शकते, पण ही एक्झॉस्टची यंत्रणा त्याआधी पुष्कळदा दगा देते. माझ्या ट्रकचा सेन्सर इंडियाना राज्यात बिघडला. आधी पिवळा दिवा लागला, मग इंजिनाची ताकद कमी झाली आणि शेवटी वेग ताशी ५ मैलांवर येईल अशी सूचना डॅशबोर्डवर झळकू लागली. गाडी उत्तम स्थितीत, इंजिन निर्दोष, पण पुढे जाता येत नाही. सेन्सर वॉरंटीत बसला. टोइंग बसले नाही आणि कार्यशाळेत जागा मिळेपर्यंत बुडालेले चार दिवस तर कोणत्याच वॉरंटीत बसत नाहीत. देखभाल निधीत माझेच पैसे जमलेले होते, तरी ते वापरायला कंपनीची मंजुरी लागली आणि दुरुस्ती तिच्या यादीतल्या कार्यशाळेतच करावी लागली. वॉरंटी किती मैलांपर्यंत आहे, एक्झॉस्ट यंत्रणा तिच्यात येते का, टोइंग येते का, आणि निधी कमी पडला तर फरक कोणी भरायचा, हे लेखी घ्यावे. ट्रक घेण्यापूर्वी त्याचा दुरुस्तीचा पूर्ण इतिहास मागावा. तो ट्रक आधीच्या किती चालकांकडून परत आला आहे, हेही त्यात दिसते आणि ती माहिती इतर कशाहूनही बोलकी असते.

डिझेलची जोखीम अधिभारामुळे बरीच झाकली जाते, पूर्ण नाही. हा अधिभार ऊर्जा माहिती प्रशासनाच्या साप्ताहिक सरासरी दरावर काढतात. तो रिकाम्या मैलांवर, ट्रक उभा असताना चालणाऱ्या इंजिनावर आणि मोजणीतून सुटलेल्या मैलांवर मिळत नाही. जून २०२२ मध्ये राष्ट्रीय सरासरी दर ५.८० डॉलरच्या वर गेला होता. त्या आधीच्या वर्षी वाहतुकीचे दर चढे होते आणि जुन्या ट्रकच्या किमती आकाशाला भिडल्या होत्या. त्या भावाने लीज घेतलेल्यांचे हप्ते पुढे तसेच राहिले आणि मालाचे दर मात्र उतरले. हप्ता तेजीच्या भावाने गोठवलेला आणि मिळकत मंदीची, ही या योजनेतली सर्वांत अवघड अवस्था होय.

करांचे गणित वेगळे ठेवावे लागते. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून स्वयंरोजगार कराचा १५.३ टक्के भार पूर्ण आपल्यावर येतो आणि अंदाजित कर एप्रिल, जून, सप्टेंबर व जानेवारीत भरावा लागतो. बाजूने एक सवलत खरोखर मोलाची आहे. घराबाहेर मुक्कामाच्या दिवसांसाठी प्रमाणित भोजनखर्च, जो ऑक्टोबर २०२४ पासून दिवसाला ८० डॉलर आहे, त्याचा ८० टक्के भाग उत्पन्नातून वजा करता येतो आणि पगारी चालकाला ही वजावट मिळत नाही. ७५,००० पौंड वजनावरील गाडीसाठीचा वार्षिक ५५० डॉलरचा जड वाहन कर कोणी भरायचा, हे करारात पाहावे. माझ्याकडून तो साप्ताहिक कपातीतून वसूल होतो.

कायदा चालकाच्या बाजूने काहीच नाही, असे नाही. ‘ट्रुथ इन लीजिंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघराज्याच्या नियमांनुसार, आवश्यक कागदपत्रे दिल्यावर १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, प्रत्येक कपात आणि ती कशी काढली हे करारात नमूद असले पाहिजे, कंपनीकडूनच वस्तू वा सेवा घेण्याची सक्ती करता येत नाही, एस्क्रोतील, म्हणजे कंपनीकडे अनामत ठेवलेल्या, रकमेवर व्याज द्यावे लागते आणि करार संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत ती रक्कम हिशेबासह परत करावी लागते. मिळकत भाड्याच्या टक्केवारीवर असेल, तर मूळ बिलाची प्रत मागण्याचा अधिकार आहे आणि तो प्रत्येकाने वापरावा. २०१९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असाही निर्णय दिला की, संघराज्याच्या लवाद कायद्यातील वाहतूक कामगारांसाठीची सूट स्वतंत्र कंत्राटदार चालकांनाही लागू होते, म्हणजे त्या कायद्याच्या जोरावर त्यांना न्यायालयाऐवजी लवादाकडेच जायची सक्ती करता येत नाही. सर्वांत स्पष्ट भूमिका मात्र सरकारने नेमलेल्या ट्रक लीजविषयक कृतिगटाने जानेवारी २०२५ मधील अहवालात घेतली : अशा लीज-पर्चेस योजनांवर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, बंदी घालावी, अशी शिफारस त्याने केली. वर्षभराच्या अनुभवानंतर ती शिफारस मला टोकाची वाटत नाही.

योजनेच्या बाजूने जे आहे तेही प्रामाणिकपणे नोंदवतो. पतइतिहास नसलेल्या, विशेषतः नव्याने स्थलांतरित झालेल्या चालकाला आगाऊ रक्कम न भरता ट्रक मिळतो. कंपनीचा मोठा विमा, इंधनावरची सवलत आणि ट्रेलर मिळतो. हप्ते थकवले नाहीत, तर मध्येच ट्रक परत करून बाहेर पडायची तरतूद माझ्या करारात आहे आणि तिचे मोल मोठे आहे. पण बाहेर पडताना भरलेले हप्ते तर जातातच, ‘ट्रक पूर्ववत करण्याचा खर्च’ म्हणून निधीतूनही कपात होते. मालकीचे म्हणाल, तर ८५० डॉलरप्रमाणे तीन वर्षांचे १,३२,६०० डॉलर आणि शेवटी १०,००० डॉलरची अंतिम रक्कम भरल्यावर ट्रक माझा होईल. त्याच वर्षाच्या आणि तेवढ्याच मैलांच्या ट्रकची मी पाहिलेल्या जाहिरातींतली मागणी याच्या निम्म्याच्या आसपास आहे.

म्हणून थोडी पत आणि दहा-पंधरा हजार डॉलर जमेपर्यंत पगारावर चालवून मग बँकेच्या कर्जाने जुना ट्रक घेणे, हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात निदान ट्रक घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जाता येते. बँका आणि लीज कंपन्या ‘ट्रॅक लीज’ही देतात. तिच्यात हप्ता कमी असतो, परंतु मुदतीअखेर ट्रक ठरलेल्या अवशिष्ट किमतीपेक्षा स्वस्त विकला गेला, तर फरक भाडेकरूला भरावा लागतो. ती घेताना हे कलम आधी वाचावे.

मी स्वतः सध्याची मुदत पुढे नेणार नाही. बाहेर पडण्याची लेखी नोटीस देण्यापूर्वी ट्रकची सर्व बाजूंनी तारखेसह छायाचित्रे काढली आहेत, टायरची खोली मोजून लिहून ठेवली आहे, देखभाल निधी आणि एस्क्रो यांची शिल्लक कंपनीकडून लेखी मागवली आहे आणि सर्व साप्ताहिक हिशेब ट्रकमधल्या उपकरणावर न ठेवता माझ्या स्वतःच्या संगणकावर उतरवून घेतले आहेत, कारण ट्रक परत केला की कंपनीच्या ॲपवरचा प्रवेश त्याच दिवशी बंद होतो.