एकट्याचा सराव की समोर माणूस? स्नूकरचे आठवड्याचे पाच तास कुठे घालवावेत

आमच्या तालुक्याच्या गावी पूर्ण मापाचं स्नूकर टेबल एकच आहे. एसटी स्टँडमागच्या हॉलमध्ये, पूलच्या दोन टेबलांपलीकडे. तासाला १२० रुपये. दुकान सांभाळून खेळणाऱ्या माझ्यासारख्याला आठवड्यात फार तर पाच तास निघतात. वीस-पंचविसाचा ब्रेक, म्हणजे न चुकता सलग मिळवलेले पॉइंट, अधूनमधून होतो, पण त्यापुढे गाडी सरकत नाही, अशा टप्प्यावर प्रत्येकाला हाच प्रश्न पडतो. हे पाच तास एकट्यानं सरावाला द्यायचे, की कोणाशी फ्रेम, म्हणजे पुरे डाव, खेळण्यात घालवायचे? मी दोन्ही करून पाहिलं. आधी सहा महिने जवळजवळ नुसता सराव केला, नंतर दीड वर्ष मुख्यतः फ्रेम खेळलो.

सरावानं मला जे दिलं ते नाकारता येणार नाही. सकाळी अकराला हॉल उघडतो तेव्हा तिथं चिटपाखरू नसतं. पहिली पंधरा मिनिटं मी एकच गोष्ट करायचो. पांढरा, म्हणजे ज्याला क्यूनं (काठीनं) मारतात तो बॉल, ब्राउनच्या जागेवर ठेवायचा आणि निळा, गुलाबी, काळा यांच्या रिकाम्या ठिपक्यांवरून सरळ वरच्या कुशनवर, म्हणजे टेबलाच्या काठावर, मारायचा. तो त्याच रेषेनं परत क्यूच्या टिपपाशी, म्हणजे टोकापाशी, यायला हवा. माझा दर वेळी बोटभर डावीकडे यायचा. म्हणजे क्यू मधोमध न लागता नकळत डावी साइड, म्हणजे डावीकडची फिरकी, लागत होती. कित्येक वर्षं फ्रेम खेळूनही हे मला कळलं नव्हतं, कारण पॉट, म्हणजे बॉल पॉकेटमध्ये पाडणं, चुकला की मी अंदाज चुकला असं समजायचो. ही खोड एकट्यानंच सापडते आणि एकट्यानंच जाते. मग लाइन-अप करायचो, म्हणजे सगळे लाल निळ्यापासून काळ्यापर्यंतच्या रेषेत मांडून एक लाल, एक रंगीत असं पाडत जायचं. सहाव्या महिन्यात माझा ४१ चा ब्रेक झाला. शेवटचे सहा रंग, दोनपासून सातपर्यंतचे सत्तावीस पॉइंट, एका दमात साफ होऊ लागले.

वेळेचा हिशेबही सरावाच्याच बाजूनं आहे. फ्रेममध्ये निम्मा वेळ बाकावर जातो. संध्याकाळी चारजण रांगेत असले आणि जोडी-जोडीनं खेळले, तर तासाभरात आपल्या वाट्याला दहा-पंधरा मिनिटंसुद्धा येत नाहीत. त्यात आमच्याकडची जुनी रीत, हरेल त्यानं टेबलाचं भाडं द्यायचं. त्यामुळं कच्चा खेळाडू चांगल्याशी खेळायला कचरतो आणि बरोबरीच्याच दोन-तीन मित्रांत फिरत राहतो.

तरीही माझं मन दुसऱ्या बाजूला झुकलं, आणि त्याला कारण एक छोटीशी सवय आहे.

सरावात पॉट चुकला की हात आपोआप पांढऱ्याकडे जातो. बॉल उचलायचा, होता तिथं ठेवायचा, परत मारायचा. दुसऱ्यांदा बहुधा पडतोच, कारण पहिल्या फटक्यानं डोळ्याला अंदाज देऊन ठेवलेला असतो. मनात मात्र ‘जमला’ अशी नोंद होते. माझा तो ४१ असाच दोन ठिकाणी बॉल परत ठेवून झालेला होता. यवतमाळला एका खुल्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत मला जागेवरचा सोपा काळा मिळाला. चुकला. आणि माझा डावा हात खरोखरच पांढऱ्याच्या दिशेनं निघाला. अर्ध्यात थांबला, पण खुर्चीवर जाऊन बसेपर्यंत मी त्या हाताचाच विचार करत होतो. समोरच्यानं त्या चुकीवर तिशी काढली. फ्रेम तिथंच गेली.

मग मी ठरवलं की सरावात एका जागेवरून एकदाच मारायचं. तीन दिवस पाळलं. चौथ्या दिवशी हात पुन्हा गेला, कारण विचारणारं कोणी नव्हतं. कुशनला चिकटलेला पांढरा मी वीतभर पुढं ओढून घ्यायचो तेही असंच. कोणाचा स्वभाव माझ्याहून कडक असेल तर त्याला कदाचित हा त्रास होणार नाही.

माझ्या हाताची ही सवय सुटली ती एसटीतून निवृत्त झालेल्या एका काकांमुळं. त्यांचा पॉट साधारण, पण सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपा फटका मिळू न देणारा बचाव, अशी की लालाला जेमतेम शिवून पांढरा खालच्या कुशनला नेऊन चिकटवतात, मधे ब्राउन आडवा. पहिल्या आठवड्यात मी सवयीनं बॉलकडे हात नेला तर म्हणाले, "हात नोको लावू बाप्पा. आता हे असंच खेळा लागते." ते एक वाक्य सहा महिन्यांत मला कोणी ऐकवलं नव्हतं. त्यांच्याशी खेळताना मला पहिल्यांदा कळलं की पॉट चुकतोच, तर कोणत्या बाजूनं चुकायचं हेही ठरवावं लागतं. लांबचा लाल पॉकेटच्या तोंडाशी थांबला तर काकांचे वीस पॉइंट ठरलेले. जरा जोरात मारून तो तिथून दूर गेला तर वाचलो. सरावात चुकल्यानंतर काय होतं ते दिसतच नाही, आपण लगेच मांडणी नीट करतो.

नागपूरहून सिवनी ओलांडून जबलपूरला जाता येतं. तिथल्याच लष्करी मेसमध्ये १८७५ च्या सुमारास हा खेळ जन्मला असं मानतात. नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्याचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. पॉट चुकलेल्या जोडीदाराला त्यानं ‘स्नूकर’, म्हणजे नवशिक्या, म्हटलं आणि तेच नाव रूढ झालं, असं सांगतात. म्हणजे खेळाचं नावसुद्धा समोरच्याच्या चुकीवरून पडलेलं.

उलट बाजूनं कोणी स्टीफन हेन्ड्रीचं नाव घेईल. सात वेळा जगज्जेता, आणि तासन्तास एकट्यानं सराव करणारा. बरोबर आहे. पण त्याला वर्षभर स्पर्धांतून सामने मिळत होते. आपल्याला ते मिळत नाहीत, म्हणून मोजक्या तासांत ते मुद्दाम घालावे लागतात असं मला वाटतं.

ज्याचा क्यू अजून सरळ जात नाही त्यानं दोन-तीन महिने सकाळचं टेबल धरावं, यात मला शंका नाही. बाकीच्यांना मी आज चार तास फ्रेम आणि एक तास सराव असं सांगेन. मात्र जोडी-जोडीनं खेळू नका. आपल्यापेक्षा थोडा वरचढ एकच माणूस गाठा, वीस पॉइंट आधी मागून घ्या आणि भाडं निम्मं-निम्मं ठरवा, म्हणजे त्यालाही तुम्हाला बोलवायला संकोच वाटणार नाही. वेळ कमी असेल तर सहाच लाल लावा. उन्हाळ्यात कूलर लागला की आमचं टेबल ओलाव्यानं जड होतं आणि हिवाळ्यात घोटलेला जोर कमी पडतो, तेव्हा तर सरावाचा तासही मी काकांनाच देतो.

सकाळी एकटा असलो तरी आता पांढरा कुशनला चिकटला की तिथंच राहू देतो. क्यूचा मागचा भाग उचलायचा, ब्रिज, म्हणजे क्यूला आधार देणारा हात, कुशनवर ठेवायचा आणि तसाच मारायचा.