बाथटबाच्या तुंबलेल्या नळीसाठी काटेरी पट्टी: तीन महिन्यांच्या वापरानंतर

गुहागरला आमच्या घराच्या मागच्या अंगाला पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत आणि त्यांपैकी एकीत, मुलाच्या हट्टापायी, बाथटब बसवलेला आहे. तांब्या-बादलीने अंघोळ करणाऱ्या घरात टब म्हणजे नसती उठाठेव, हे माझे मत आजही कायम आहे. परंतु समुद्रात डुंबून आलेली मुले त्यातून उठायला तयार नसतात, हेही खरे. दिवाळीच्या सुट्टीनंतर टबातले पाणी उतरायला वेळ लागू लागला. डिसेंबरात तर अर्धा टब रिकामा व्हायला 25 मिनिटे लागली आणि तळाला वाळू व साबणाचा करडा थर उरू लागला.

प्लंबरने कॉस्टिक सोडा ओतायला सांगितले. तो केस आणि तेलकट थर विरघळवतो, यात शंका नाही; पण पाणी उतरलेच नाही, तर कातडी भाजेल अशा पाण्याने भरलेला टब आपल्यासमोर उरतो आणि मग त्यात हात घालायची सोय राहत नाही. शिवाय आमच्या न्हाणीचे पाणी पाटाने केळींना आणि दोन माडांच्या आळ्यांत जाते. तिथे कॉस्टिक सोडणे मनाला पटेना, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून प्लास्टिकच्या काटेरी पट्ट्यांचे पाकीट आणले. तीन नगांचे 120 रुपये पडले.

पट्टी दीड फुटाहून किंचित लांब आणि बोटापेक्षाही अरुंद आहे. दोन्ही कडांना वरच्या दिशेने वळलेले दाते असल्यामुळे, मांस काढून घेतलेल्या बांगड्याच्या मधल्या काट्याची आठवण होते. दात्यांची ही दिशाच महत्त्वाची आहे. त्यामुळे पट्टी आत जाताना सहज सरकते आणि बाहेर येताना केस धरून आणते. टबाचे बूच फिरवून काढले, खाली विजेरी धरली, तेव्हा नळीच्या तोंडाशी असलेल्या आडव्या दांड्यांनाच केस गुंडाळलेले दिसले. पट्टी वीतभर आत घातली, दोनदा फिरवली आणि हळूच ओढली. ओल्या काथ्यासारखा एक पेड निघाला, तो संपता संपेना. खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजते, त्यामुळे डिसेंबरातल्या पहाटेच्या गार पाण्यात केसांवरचे तेल गोठून वाळूला चिकटवून ठेवत असावे. पेड चोळला तेव्हा बोटांना ती वाळू खरखरीत लागली. त्यानंतर तोच अर्धा टब 6 मिनिटांत उतरला.

तरीही पाकिटावरचा ‘पुन्हा पुन्हा वापरा’ हा मजकूर मला मान्य नाही. दात्यांत अडकलेले केस सोडवणे हे मूळ कामापेक्षा किळसवाणे आहे, आणि दुसऱ्या पट्टीचे तीन दाते नळीच्या वळणाशी जोर लावल्याबरोबर मोडले. दोष अर्थात माझ्या घाईचाही होता. ट्रॅपच्या, म्हणजे नळीच्या पाणी साचून राहणाऱ्या वळणाच्या, तळाशी बसलेली वाळू मात्र ही पट्टी उचलू शकत नाही. त्यासाठी शेवटी रबरी प्लंजरच वापरावा लागला. टबाच्या भिंतीतले वरचे भोक ओल्या फडक्याने घट्ट दाबून धरल्याशिवाय प्लंजरचा काही उपयोग होत नाही, कारण सगळा दाब तिथूनच निसटतो. हे मला दहा मिनिटे घामाघूम झाल्यावर उमगले. फडके लावताच चार-पाच दणक्यांत वाळू सुटली आणि मग पाणी 3 मिनिटांत गेले.

आता दर महिन्याला, पाणी अडण्याची वाट न पाहता, मी पट्टी एकदा फिरवतो. केसांपुरते पाहिले तर 120 रुपये वसूल झाले आहेत. दुसऱ्या खोलीत टब नाही, साधी मोरी आहे. तिथे मात्र ही पट्टी घेण्यात अर्थ नाही, कारण नहाणी ट्रॅपची जाळी उचलली की आतली वाटी हातानेच बाहेर निघते.