ई-एससीआर: निकाल हाताशी, आदेशांचा माग मात्र अवघड

न्यायालयाच्या एखाद्या निकालाने सरकारचे धोरण बदलल्याचे आपण बातम्यांत वाचतो. परंतु न्यायमूर्ती त्या निष्कर्षाप्रत कसे आले, हे मूळ निकालपत्र वाचल्याशिवाय कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये खुली केलेली ‘ई-एससीआर’ (इलेक्ट्रॉनिक सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स) ही ऑनलाइन निकालसंग्रहाची सेवा म्हणूनच मला फार मोलाची वाटते. १९५० पासूनचे अधिकृत निकाल येथे विनामूल्य वाचता येतात. पक्षकार, न्यायमूर्ती, कायदा किंवा पीठातील न्यायमूर्तींची संख्या यांवरून शोध घेता येतो आणि आलेल्या यादीत पुन्हा शोध घेऊन ती आटोक्यात आणता येते.

विशाखा विरुद्ध राजस्थान राज्य हा १३ ऑगस्ट १९९७ चा निकाल येथे अवश्य वाचावा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध देशात स्वतंत्र कायदा नाही, हे नोंदवून न्यायालयाने राज्यघटनेतील समतेच्या आणि सन्मानाने जगण्याच्या हक्कांना महिलांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराची जोड दिली व मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. तक्रार समितीच्या अध्यक्षस्थानी महिलाच असावी, निम्म्याहून कमी महिला सदस्य नसाव्यात, बाहेरच्या संस्थेचा सहभाग असावा, इतक्या तपशिलात हे निकालपत्र जाते. मात्र हे सारे संसद कायदा करेपर्यंतच लागू राहील, असेही त्यात स्पष्ट लिहिले आहे, आणि तो कायदा २०१३ मध्ये झाला. न्यायालयाने आपल्या हस्तक्षेपाला स्वतःच घातलेली ही मर्यादा बातमीच्या मथळ्यात सहसा उतरत नाही. हेडनोटवर, म्हणजे निकालाच्या आरंभी छापलेल्या सारांशावर, थांबू नये, असे मी आग्रहाने सांगेन. हेडनोट हा निकालाचा भाग नसतो.

सेवेची मोठी उणीव अंतरिम, म्हणजे अंतिम निकालापूर्वी दिलेल्या, आदेशांबाबत जाणवते. अन्नाच्या हक्काच्या खटल्यात २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील मुलांना किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले जेवण वर्षातून किमान २०० दिवस देण्यास राज्यांना सांगितले. अंतिम निकालाची वाट न पाहता, सुनावणी चालू ठेवून अंमलबजावणीचा जाब विचारत राहणे, ही धोरण घडवण्याची न्यायालयाची फार प्रभावी रीत आहे. अशा खटल्यातील सगळे आदेश क्रमाने वाचायचे, तर निकालसंग्रह सोडून न्यायालयाच्या मुख्य संकेतस्थळावर प्रकरण क्रमांकावरून एकेक तारीख धुंडाळावी लागते. तो क्रमांक ठाऊक नसलेल्या सामान्य वाचकाला हे जमणे कठीणच. निकालाच्या पानावरूनच त्या प्रकरणाच्या आदेशांची साखळी उघडता आली पाहिजे.

काही निकालांचे मराठी अनुवादही उपलब्ध आहेत. ते पक्षकाराला समजावे एवढ्यापुरतेच असून इंग्रजी पाठच प्रमाण मानला जातो, त्यामुळे कोठे उद्धृत करायचे असल्यास मूळ परिच्छेदाशी ताडून पाहावे. अभ्यासक, पत्रकार आणि कार्यकर्त्यांनी ही सेवा जरूर वापरावी.