बावीस म्हणून घेतलेली गाडी प्रत्यक्षात काय देते : २६ महिन्यांच्या नोंदींवरून एका पेट्रोल हॅचबॅकचे परीक्षण

जून २०२३ मध्ये आम्ही बाराशे सीसीच्या पेट्रोल इंजिनाची, हाताने गिअर बदलण्याची हॅचबॅक घेतली. तेव्हापासून परभणीत भेटणारा प्रत्येक ओळखीचा माणूस गाडीकडे एक नजर टाकून विचारतो, "काय देती गाडी?", म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर. शोरूममधील विक्रेत्याने याचे उत्तर "बावीस हमखास, वर अर्धा-एक जास्तच" असे दिले होते आणि माहितीपत्रकात २२.५ हा आकडा ठळक छापलेला होता. गाडीच्या पडद्यावर आज १८.६ दिसते. माझ्या वहीत मात्र १७.१ आहे. हे तीन आकडे एकाच गाडीचे असून त्यांत एवढा फरक का पडतो, हे सांगितल्याशिवाय या गाडीचे परीक्षण पूर्ण होणार नाही. माझा राग गाडीवर नसून तिच्याविषयी सांगितल्या जाणाऱ्या आकड्यांवर आहे, म्हणून कंपनीचे नाव देत नाही.

गाडीविषयी थोडक्यात सांगतो. इंजिन शांत आहे, क्लच हलका आहे, मागच्या आसनावर दोन मोठी माणसे आणि एक मूल आरामात बसते. मे महिन्यात परभणीचा पारा चव्वेचाळीसपर्यंत जातो, तेव्हाही एसी दहा मिनिटांत गाडी थंड करतो. पाच माणसे बसली की जिंतूर रस्त्यावरच्या गतिरोधकांना गाडीचा तळ घासतो, ही एक खरी उणीव आहे. बाकी तक्रार नाही.

आता ॲव्हरेजविषयी. परभणीचे नाव महाग पेट्रोलसाठी अनेकदा बातम्यांत आले आहे, कारण मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकर इथवर आणण्याचा खर्च दरात मिळतो. त्यामुळे लिटरमागे एक किलोमीटर कमी-जास्त होणे ही आमच्याकडे किरकोळ बाब राहत नाही. आमची गाडी महिन्याला सरासरी अकराशे किलोमीटर चालते. दर १०७ रुपये धरला आणि २२.५ ऐवजी १७.१ मिळाले, तर महिन्याला सुमारे १,६५० रुपये जास्त जातात. पगारदार घरात एवढ्या रकमेचा हिशेब ठेवावाच लागतो.

माहितीपत्रकातील आकडा खोटा नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. तो ठरावीक चाचणीतून येतो आणि अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांमध्ये पुण्याची एआरएआय सर्वांत परिचित आहे. गाडी रस्त्यावर न नेता फिरत्या रोलरवर उभी करून चालवतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वेग वाढवत-कमी करत नेतात. ही सारी फेरी ११८० सेकंदांची असते, म्हणजे वीस मिनिटांपेक्षाही कमी, आणि तीत साडेदहा किलोमीटरच्या आसपास अंतर कापले जाते. तक्त्यातील कमाल वेग ताशी ९० किलोमीटर आहे, तर सरासरी वेग बत्तीसच्या जवळपास येतो. एसी बंद असतो. पेट्रोलचा खर्च टाकीतून मोजत नाहीत, धुराड्यातून बाहेर पडलेल्या वायूंतील कार्बनवरून तो काढला जातो. या पद्धतीचा खरा उपयोग दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करण्यासाठी आहे, कारण सर्व गाड्या त्याच तक्त्यातून जातात. तो आकडा वसमत रस्त्यावरच्या दुपारी एकच्या गर्दीचा म्हणून गिऱ्हाईकाला सांगणे मात्र चूक आहे, आणि ती चूक विकणाऱ्याची आहे.

पडद्यावरच्या आकड्याची गोष्ट वेगळी आहे. पुष्कळांना वाटते की गाडीत पेट्रोल मोजणारे एखादे मीटर असते. तसे नसते. इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून गाडीचा संगणक किती पेट्रोल गेले असेल याचा हिशेब मांडतो आणि चाकांच्या फेऱ्यांवरून अंतर धरतो. हिशेबातील गुणक जरा उदार असला, की पडदा कायम गोड बोलतो. आमच्या गाडीत हा गोडवा लिटरमागे दीड किलोमीटरचा, म्हणजे जवळपास नऊ टक्क्यांचा आहे. पहिल्या दोन महिन्यांत मला तो माझ्या मोजण्यातील दोष वाटला होता, पण ६८ वेळा टाकी भरल्यानंतरही फरक त्याच बाजूला आणि साधारण तेवढाच राहिला, तेव्हा दोष कोणाचा याविषयी शंका उरली नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी हे दाखवले असता "सगळ्याच गाड्यांत असं असतं" एवढेच उत्तर मिळाले. सगळ्या गाड्यांत असते म्हणून ते बरोबर ठरत नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मोजण्याची माझी पद्धत साधी आहे, परंतु तिच्यात शिस्त लागते. नेहमी एकाच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर टाकी फुल करायची आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाले की थांबायचे. "साहेब, राउंड फिगर करू का?" याला दर वेळी नकार द्यायचा. पहिल्या कटनंतर गळ्यापर्यंत पेट्रोल ओतले तर मोजणी बिघडतेच, शिवाय पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा भिजून खराब होण्याची भीती असते. मग ओडोमीटरचे रीडिंग आणि पावतीवरील लिटर वहीत उतरवायचे. हे काम डाव्या आसनावरून आमच्या सौभाग्यवती करतात आणि त्यांच्यामुळेच वहीत एकही खाडा नाही.

एका टाकीच्या हिशेबावर कधीही विश्वास ठेवू नये. समजा, २५० किलोमीटर झाले आणि खरे पेट्रोल १४ लिटर जळाले, तर ॲव्हरेज १७.९ येते. नोझल एक लिटर आधी बंद झाले तर तेच १९.२ दिसते आणि एक लिटर उशिरा झाले तर १६.७. गाडी तीच, चालवणारा तोच, तरी अडीच किलोमीटरचा फरक! पुढच्या भरण्यात ही चूक उलट बाजूने फिटते, म्हणून टाक्या जितक्या जास्त तितका आकडा खरा. दुसरी चूक मोठमोठे हुशार लोक करतात, ती म्हणजे ॲव्हरेजची सरासरी काढणे. दोनशे किलोमीटर वीसच्या ॲव्हरेजने आणि दोनशे बाराच्या ॲव्हरेजने गेलो, तर सरासरी सोळा होत नाही. पहिल्या टप्प्यात दहा लिटर लागले, दुसऱ्यात १६.६७, म्हणजे चारशे किलोमीटरला २६.६७ लिटर, आणि उत्तर येते पंधरा. एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागणे हाच खरा मार्ग आहे. आमचे एकूण २८,९१४ किलोमीटर झाले आणि १,६९२.४ लिटर पेट्रोल लागले. भागाकार १७.१.

पंप माप कमी देतो की काय, हा संशयही मी फेडून घेतला. प्रत्येक पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते आणि ग्राहकाने मागितल्यास त्यात पेट्रोल मोजून दाखवावे लागते. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. आमच्या पंपावर मी ते मागितले, तेव्हा तेथील मुलाने आढेवेढे न घेता मोजून दिले आणि माप रेषेवर आले. मागायला संकोच करू नये.

उरला प्रश्न ओडोमीटरचा. समृद्धी महामार्गावर प्रत्येक किलोमीटरला फलक आहेत. तेथे मी शंभर किलोमीटर मोजले, तर ओडोमीटरने १०१.२ दाखवले. टायर झिजला की त्याचा व्यास घटतो, तेवढ्याच अंतराला चाक जास्त फिरते आणि गाडीला वाटते आपण जास्त चाललो. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते आणि १.६ मिलिमीटरला तो बदलावाच लागतो, तोवर आमच्या मापाच्या टायरमध्ये सुमारे दोन टक्के फरक पडलेला असतो. समृद्धीवर दिसलेल्या १.२ टक्क्यांची दुरुस्ती पूर्ण धरली तर आमचा आकडा १६.९ होतो, पण टायर नवे असताना फरक कमी असणार, म्हणून खरा आकडा १६.९ ते १७.१ च्या दरम्यान आहे, इतकेच मी ठामपणे म्हणतो.

हा आकडा कसा बनतो ते पाहणे अधिक उद्बोधक आहे. शहरात, शाळेच्या तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांमध्ये गाडी १३.४ देते, कारण इंजिन तापण्याआधीच आपण पोहोचलेले असतो आणि रेल्वे फाटकावर एसी चालू ठेवून उभे राहिलो तर पेट्रोल जळते, किलोमीटर मात्र शून्य. जिंतूर, मंठा, जालना या रस्त्याने छत्रपती संभाजीनगरला ताशी ८० च्या आसपास स्थिर गेलो, तर २०.६ मिळाले. त्याच रस्त्यावर जेथे शक्य तेथे १०० ठेवले, तर १७.९. समृद्धीवर मोटारींना १२० ची मर्यादा आहे, तिच्या कडेकडेने गेलो तेव्हा १५.२ वर आलो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० वरून १२० वर गेल्यास तो सव्वादोन पट होतो. लहान इंजिनाच्या गाडीला ते सोसावे लागते आणि पेट्रोलच्या पावतीत ते दिसते. ज्यांना वाटते की एक्सप्रेसवेवर ॲव्हरेज आपोआप वाढते, त्यांनी दोन्ही टोकांना टाकी फुल करून एकदा पाहावे.

पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलविषयी सावधपणे लिहितो. पहिल्या तेरा महिन्यांत आमचे ॲव्हरेज १७.४ होते, नंतरच्या तेरा महिन्यांत १६.८, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या जवळपास घट. इथेनॉलमध्ये प्रत्येक लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे मिश्रण दहा टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर गेले तर ऊर्जा तेवढीच घटते. हिशेब तंतोतंत जुळतो, आणि म्हणूनच मी त्यावर लगेच भरवसा ठेवत नाही, कारण दुसऱ्या वर्षात आमच्या समृद्धीवरच्या फेऱ्याही वाढल्या होत्या. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात वीस टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकीत एक ते दोन टक्के आणि जुन्या गाड्यांत सहा ते सात टक्के घट अपेक्षिली होती. हे इथेनॉल आपल्याच मराठवाड्यातील उसापासूनही बनते आणि त्याचा पैसा शेतकऱ्याला मिळावा असे मला मनापासून वाटते, परंतु गाडी घेणाऱ्याला ही घट आधी सांगितली जावी, हेही तितकेच मनापासून वाटते.

ही गाडी घ्यावी का? वापर मुख्यतः गावोगावच्या रस्त्यांवर, ताशी ८० च्या आत असेल तर जरूर घ्यावी, वीसच्या पुढचे ॲव्हरेज मिळेल. सगळा वापर शहरातच असेल तर तेरा-चौदा धरून महिन्याचा खर्च आधी मांडावा. आठवड्याला समृद्धीने नागपूर गाठायचे असेल तर मोठ्या इंजिनाची गाडी चालवून पाहावी. जुनी गाडी घेत असाल तर मालकाकडे पडद्याचा फोटो न मागता पेट्रोलच्या पावत्या मागाव्यात.

आमच्या टायरांत अजून साडेचार मिलिमीटर नक्षी शिल्लक आहे. ते बदलले की समृद्धीवर त्याच शंभर किलोमीटरची मोजणी पुन्हा करायची ठरवले आहे. वहीचे नवे पान आखून ठेवले आहे.